उचलून परत तिथंच

"आणि उचलून झाल्यावर ते ठेवायचं कुठं?" आत्तींनी विचारलं.

"परत तिथंच."

"तिथंच म्हंजे? जिथनं उचललं तिथंच?"

"होय."

"मग उचलायचं कशाला?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, एक डोळा मोतीबिंदूचा, दुसरा माझ्यावर. त्यांच्या आयुष्यात उचललेली प्रत्येक वस्तू कुठंतरी पोचलेली आहे. पाणी आडावरून रांजणात, वैरणीचा भारा शेतातून गोठ्यात, पोर पाळण्यातून काखेत. उचललेलं दुसरीकडं ठेवलं की आमच्याकडं त्याला काम म्हणतात. उचलून परत तिथंच ठेवलं की खूळ. आणि त्या खुळाचे महिन्याला पैसे भरायचे म्हटल्यावर आत्ती नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. पैसे किती, ते मी सांगितलं नव्हतं. आजही सांगितलेलं नाही.

सुरुवात झाली ती माझ्या ऐकण्यातल्या चुकीपासून. गुडघे कुरकुरत होते म्हणून डॉक्टरांकडं गेले होते. त्यांनी वय विचारलं, पाळीचं विचारलं, घरात कुणाचं हाड मोडलंय का विचारलं. माझी आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती नंतर पहिल्यासारखी चाललीच नाही, हे सांगितलं. ते म्हणाले, "वजन उचला."

मी म्हणाले, "हो हो, उतरवते ना डॉक्टर. रात्रीचा भात बंद करते."

"उतरलं तर चांगलंच आहे. पण मी म्हणतोय उचला. जड उचला. जिमला जा."

बाईच्या जन्माला आल्यापासून 'जड उचलू नको' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की उलटं वाक्य कानात शिरायला वेळ लागला. पाळीत उचलू नको, पोटुशी असताना उचलू नको, बाळंतपणानंतर उचलू नको, ऑपरेशननंतर तर नकोच नको. गंमत अशी, की हे सगळं सांगणाऱ्या बाया सांगता सांगता एका हातानं भरलेली बादली सरकवत असत. जड उचलू नको याचा अर्थ 'उचलताना कुणाला दिसू नको' असा असावा, असं मला आता वाटतं.

गडहिंग्लजमध्ये व्यायाम म्हणजे फुटबॉल. पोरं इथं चालायला लागायच्या आधी लाथ मारायला शिकतात. दुसरा व्यायाम काळभैरीच्या डोंगराकडं सकाळी फिरायला जाणं. त्यात अर्धा वेळ कुणाचं लग्न ठरलं यात जातो आणि उरलेला कुणाचं मोडलं यात. आम्हा बायकांचा तो अधिकृत व्यायाम. वाईट नाही. चालून हृदय सुधारतं, श्वास सुधारतो, गावाची खबर मिळते. हाडांना मात्र त्यानं फारशी जाग येत नाही. हाड हे शिपायासारखं आहे. साहेब आल्याशिवाय उठत नाही. त्याच्यावर खरंच भार आला, ताण आला, तर ते स्वतःला घट्ट करायच्या मागं लागतं. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं भराभर विरळ होत जातात. स्नायू तर त्याच्याही कितीतरी आधीपासून हळूहळू निवृत्ती घेत असतात, तेही निरोप समारंभ न करता.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठातल्या बेलिंडा बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका घेतल्या. काहींना घरी हलकाफुलका व्यायाम दिला आणि काहींकडून आठवड्यातून २ दिवस, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलून घेतली. ८ महिन्यांनी जड उचलणाऱ्या बायकांच्या कण्याच्या आणि खुब्याच्या हाडांची तब्येत दुसऱ्या गटापेक्षा बरी निघाली. २०१८ मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. मी हे आत्तींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्यात पाणी नळानं येत असंल."

जिम पहिल्या मजल्यावर. जिना असा, की वर पोचल्यावर व्यायाम झालाच म्हणून परत यावं. भिंतीवर मान नसलेल्या पुरुषांची पोस्टरं. बायकांसाठी वेळ दुपारी ११ ते १. म्हणजे ज्या बाईला ना नोकरी, ना शाळेतून येणारं पोर, ना दुपारी जेवणारा नवरा, अशा बाईसाठी. तशी बाई गडहिंग्लजमध्ये मला माहीत नाही. मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजते. म्हणून मी सकाळी सहाची वेळ मागितली. सकाळी सहाला तिथं पोलीस भरती आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं असतात.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले आणि आत शांतता पसरली. कुणीतरी गाण्याचा आवाज कमी केला. एकानं घाईघाईनं शर्ट घातला. दुसरा फोनवर आईशी बोलत असल्यासारखं करू लागला. कदाचित खरंच बोलत असेल. ट्रेनर म्हणजे माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान पोरगा. त्यानं मला कोपऱ्यातल्या गुलाबी डंबेल्सकडं नेलं. "काकू, हे लेडीजसाठी."

त्यावर १ किलो लिहिलं होतं. माझ्या हातात तेव्हा जी पिशवी होती, तीत पाण्याची बाटली, डबा, छत्री आणि येताना घेतलेली दोन किलो कांद्याची पिशवी होती. मी ती पिशवी त्याच्या हातात दिली. तो जरा झुकला. मग म्हणाला, "बारवरच घेऊया."

बार म्हणजे ती लांब लोखंडी दांडी. तिला बाजूनं गोल वजनं लावतात, त्यांना प्लेट म्हणतात. काहीही न लावता ती दांडी २० किलोची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्पर्धेतली बायकांची दांडी १५ किलोची आणि जराशी बारीक, मुठीत बसेल अशी. पण ती आमच्याकडच्या जिममध्ये कुठली यायला. मी मनात गणित केलं. भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलो. १४.२ किलो गॅस आणि बाकी लोखंड. तो तर मी गेली पंचवीस वर्षं ओट्याखाली सरकवतेय, फिरवतेय, प्रसंगी दोन पायऱ्या चढवतेय. मग २० किलोचं काय भ्यायचं?

"काकू, आधी काठी," पोरगा म्हणाला आणि त्यानं फरशी पुसायच्या मॉपचा दांडा काढून माझ्या हातात दिला. अशा रीतीनं माझी शक्तिसाधना घरातल्याच साधनानं सुरू झाली.

दोन आठवडे दांडाच. याचा मला राग आला होता, पण आता कुणी मला विचारलं तर मी हेच सांगते. आधी वाकायला शिका. आपण वाकतो म्हणजे पाठीचं धनुष्य करतो आणि गुडघे तसेच ठेवतो. पोरगा म्हणायचा, "कमरेतनं नको, खुब्यातनं वाका. मागं दार असल्यागत बूड मागं ढकला. पाठ सरळ." मला जमेना. मग एका दिवशी एकदम माझं माहेर आठवलं. माझं माहेर आजऱ्याकडचं, घनसाळ भाताच्या मुलखातलं. पावसात रोप लावायला बायका एका ओळीत वाकायच्या, तेव्हा माझ्या आजीची पाठ अशी सपाट असायची, की तिच्यावर चहाची कपबशी ठेवावी. ती दिवसभर तशी वाकायची. कंबर दुखते असं तीही म्हणायची, पण तिचं वाकणं खुब्यातनं होतं. मी डोळे मिटून आजी झाले आणि वाकले. "बास! हेच!" पोरगा ओरडला. "कुठं शिकलासा?" चिखलात, असं सांगितलं असतं तर त्याला पटलं नसतं.

मग खरा बार जमिनीवर आला. जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहायचं, याला डेडलिफ्ट म्हणतात. नाव असं, की ऐकून घरच्यांनी विमा काढावा. यात नव्यानं सुरू करणाऱ्या बायकांची एक वेगळीच अडचण असते आणि ती पुरुषांना कळत नाही. मोठी प्लेट ४५ सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणून ती लावली की बार आपसूक नडगीच्या मध्यावर येतो. पण आपण सुरुवातीला लावणार छोट्या प्लेटा. त्या ताटलीएवढ्या. मग बार पार पावलांशी जातो आणि नुसता तिथवर पोचायलाच पाठ वाकडी करावी लागते. म्हणजे जिला वजन कमी, तिलाच वाकणं जास्त. पोरानं दोन्हीकडं विटा ठेवल्या आणि बार वर घेतला. अठ्ठावीस युगं विटेवर उभं राहायचा मान आपल्याकडं एकालाच आहे, पण पंढरीनाथानं समजून घेतलं असावं.

बाकी रीत थोडक्यात सांगते, कारण सांगून ती कळत नाही. बार पावलांच्या मध्यावर हवा. पायाला चिकटून वर यायला हवा. अंगापासून लांब गेला की त्याचं वजन वाढतं, हे दळणाचा डबा काखेला घेणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. मऊ तळाचे बूट नकोत. अनवाणी बरं किंवा सपाट कॅनव्हास. उचलण्याआधी पोटात श्वास भरायचा, पोट गच्च करायचं आणि मग जमीन पायांनी खाली ढकलायची. रक्तदाब असेल तर श्वास कोंडून धरण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. तीन प्रकार पुरतात. एक बैठक, एक जमिनीवरून उचलणं, एक डोक्यावर ढकलणं. जोडीला काहीतरी ओढायचं. पाच-पाच वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. एवढंच. आत्तींच्या उपासाचे नियम याहून किचकट आहेत.

मंगळसूत्र मात्र घरी ठेवून जायचं. किंवा आखूड करून घ्यायचं. बार मानेवर घेताना ते अडकतं. बांगड्यांचंही तसंच, आणि अंबाडा मानेवर असेल तर बारला बसायला जागाच राहत नाही. मी पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं जिना उतरत होते तेव्हा समोरून नेमकी पतसंस्थेतली खातेदार बाई आली. तिनं माझ्या गळ्याकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं, मग मोठ्या दुःखानं विचारलं, "घरी सगळं बरं हाय न्हवं?"

सगळ्यात अवघड असतं ते थांबणं. पहिले काही आठवडे वजन झपाझप वाढतं. स्नायू तेवढे वाढलेले नसतात. मेंदू आणि स्नायू यांची नुसती ओळख झालेली असते, एकाचा निरोप दुसऱ्याला पोचायला लागलेला असतो. पण आपल्याला वाटतं, आता काय, आता आपण कुणी वेगळेच. आमचा तालुका नेसरीच्या खिंडीचा. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर मोजक्या साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ते इथंच. त्यांच्यामागं स्वराज्य होतं आणि महाराजांचे शब्द होते. माझ्यामागं फक्त भरतीची तयारी करणारी चार पोरं होती आणि ती बघताहेत म्हणून मी एकदम दहा किलो वाढवले. पुढचे चार दिवस पतसंस्थेत खुर्चीवरून उठताना मी 'आई गं' म्हणत होते आणि मॅनेजर मला अर्धा दिवस रजा देत होते. नेसरीचा आवेश या कामाला चालत नाही. इथं कारकुनी लागते.

कारकुनी म्हणजे सव्वा किलो. १.२५ किलोची प्लेट एका बाजूला, तेवढीच दुसऱ्या बाजूला, एकूण अडीच. आमच्या जिममध्ये या छोट्या प्लेटा शोधताना माझे आठ दिवस गेले. पोरांना त्या लाजिरवाण्या वाटतात. एक खिडकीत सापडली, एक दाराला अडणी म्हणून लावलेली होती. मी त्या दोन्ही धुऊन, पुसून, एका जागी ठेवल्या. आता सगळ्या जिमला माहीत आहे, त्या काकूंच्या आहेत. आणि सव्वा किलोला हसणाऱ्या पोरांना मी सांगलीच्या संकेत सरगरची गोष्ट सांगते. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्यानं एकूण २४८ किलो उचलले. मलेशियाच्या गड्यानं २४९. एका किलोनं सोनं गेलं आणि चांदी आली, तीही कोपर दुखावलेल्या हातानं. माझ्या दोन प्लेटा त्याच्याकडं असत्या तर, असं म्हणायचा मोह मी आवरते.

त्याच घरात काजोल आहे, त्याची धाकटी बहीण. वडिलांची पानाची टपरी आणि चहाचा गाडा. २०२२ च्या जूनमध्ये पंचकुलाला खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या, तेव्हा ४० किलो गटात तिनं सुवर्ण मिळवलं. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातलं कुरुंदवाड तर असं गाव आहे, की २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतून वेटलिफ्टिंगची तीन कांस्यपदकं त्या एका गावात आली. गणेश माळी, ओंकार ओतारी, चंद्रकांत माळी. नरसोबाच्या वाडीला जाताना आपण पेढे-बर्फीची चौकशी करतो, पण नदीपलीकडं लोखंडाची अशी उपासना चालते हे कुणी सांगत नाही.

सप्टेंबर २००० मध्ये करणम मल्लेश्वरीनं सिडनीत ११० आणि १३० मिळून २४० किलो उचलले आणि ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय बाई झाली. बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये आलं तेच त्या वर्षी. त्याच वर्षी माझं लग्न झालं. टीव्हीवर ती दिसत होती आणि मी नव्या नवरीच्या अदबीनं चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मामंजी म्हणाले, "काय ही बाई!" ते कौतुक होतं की काळजी, हे आजवर कळलेलं नाही. मीराबाई चानूनं टोकियोत डोक्यावर धरलेले ११५ किलो म्हणजे चार भरल्या सिलिंडरांपेक्षा थोडे कमी. ती स्वतः ४९ किलोच्या गटातली. लहानपणी मणिपूरच्या डोंगरात ती जळणाच्या मोळ्या वाहायची, आणि जी मोळी मोठ्या भावाला उचलेना ती मीराबाई घेऊन यायची, असं तिच्याबद्दल नेहमी सांगतात. आमच्या भागात अशा मोळ्या वाहणाऱ्या पोरी शेकड्यानं होऊन गेल्या. त्यांच्या मोळीवर वजन लिहिलेलं नव्हतं, इतकाच फरक.

कोल्हापूर म्हणजे पैलवानांची पंढरी. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या. पण तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाई नको, हा दंडक. तांबडी माती अंगाला लागली तर बिघडतं, अशी समजूत. कुणाचं बिघडतं हे स्पष्ट केलेलं नसे. १९५४ मध्ये हमीदा बानूनं 'मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन' असं जाहीर केलं आणि बडोद्यात बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. ही बाई कोल्हापुरातही लढली. पुरुषाला हरवलं, आणि बघणाऱ्यांनी तिच्यावर दगड भिरकावले. दगडफेकीचा हा प्रसंग वाचला की मला वाटतं, एवढं दगड उचलायचं बळ अंगात होतं तर आखाड्यात उतरायचं होतं. आता काळ बदललाय. मुरगूडसारख्या गावातून पोरी कुस्ती खेळतात आणि बाप त्यांच्यासाठी बदाम वाटतात.

एक शंका मात्र तेव्हापासून आजवर टिकून आहे. बाई पुरुषासारखी दिसायला लागेल. पुण्याच्या माझ्या भाचीनं फोनवर हेच विचारलं. मी म्हटलं, "अगं, आमच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' म्हणतात. व्याकरणानं जे झालं नाही ते वजनानं कसं होईल?" आणि खरोखर, ज्या हार्मोनमुळं दंड फुगतात ते टेस्टोस्टेरॉन बाईच्या अंगात पुरुषाच्या मानानं कितीतरी पट कमी. ज्यांच्याकडं ते ओसंडून वाहतंय ती भरतीची पोरं तीन-तीन वर्षं अंडी खाऊन आरशात दंड मोजताहेत आणि तो सुतानंसुद्धा वाढत नाही. माझाच तेवढा चुकून, स्वयंपाक करता करता वाढेल?

दुसरी शंका आत्तींची. "अंग बाहेर येईल." ही थट्टेवारी न्यायची गोष्ट नाही. लागोपाठची बाळंतपणं, चौथ्या दिवशी आडावर, सहाव्या दिवशी शेतात. त्या पिढीतल्या किती बायकांनी हे दुखणं कुणाला न सांगता काढलं असेल. तसा त्रास असेल तर आधी डॉक्टर, मग बार. पण मला त्यातली एक गोष्ट टोचत राहते. त्यांना उचलावं लागलं ते विश्रांती न देता, पोटभर न घालता, आणि किती झेपतं हे न विचारता. वजनापेक्षा त्यानं जास्त नुकसान झालं असेल.

पोटभर घालण्यावरून आठवलं. रोज शरीराच्या किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत असं आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं सांगणं. साठ किलोच्या बाईला ५० ग्रॅम, आणि जड उचलणारीला त्याहून थोडी जास्त. मी एक आठवडा माझं ताट मोजलं. पैसे मोजायची सवय कामाला आली. आमच्याकडं मटणाचा रविवार असला की फोडी पुरुषांच्या ताटात आणि तांबडा रस्सा आमच्या. रश्श्याला चव फार, प्रथिनं कमी. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी यांना साबुदाणा, म्हणजे नुसती पिठूळ भक्ती. मी फार काही केलं नाही. सकाळी दोन अंडी, दुपारी मटकीची उसळ वाटीऐवजी वाडगाभर, हिवाळ्यात हुलग्याचं माडगं, आणि रविवारी पातेल्यातून आधी माझ्या ताटात चार फोडी. या शेवटच्या बदलाला घरात वजन उचलण्यापेक्षा जास्त धैर्य लागलं. आमचे हे पातेल्यात डाव फिरवत बराच वेळ शोधत होते.

क्रोटन नावाच्या ग्रीक गावातल्या मिलो पैलवानाची गोष्ट जिममध्ये सगळे सांगतात. तो म्हणे रोज एक वासरू खांद्यावर घ्यायचा. वासरू वाढत गेलं, त्याची ताकदही वाढत गेली, शेवटी अख्खा बैल उचलला. अडीच हजार वर्षं जग त्याचं कौतुक करतंय. मी ऐकलं तेव्हा मला हसू आलं. माझी मुलगी जन्मली तेव्हा तीन किलोची होती. पाच वर्षांची होईतोवर ती काखेतून उतरली नाही, आणि तेव्हा ती सोळा किलोची होती. माझ्या दुसऱ्या हातात दुधाचं पातेलं असायचं. मिलोनं बैल शेवटी कापून खाल्ला म्हणतात. आम्हाला तीही सोय नाही.

कुठल्या दिवशी किती उचललं ते लिहून ठेवायचं असतं, नाहीतर पुढच्या वेळी अंदाजानं कमी-जास्त होतं. मी वेगळी वही घेतली नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर जिथं दूध, गॅसची तारीख आणि इस्त्रीचे कपडे लिहिते, तिथंच आकडा लिहायला लागले. महिनाअखेर ह्यांनी दुधाचा हिशोब करायला घेतला आणि गवळ्यासमोर म्हणाले, "सतरा तारखेला साडेबेचाळीस लिटर?" गवळी बिचारा शपथा घ्यायला लागला.

तेव्हापासून आत्तींचं त्या आकड्यांवर लक्ष बसलं. त्यांना लिहिता-वाचता फार येत नाही, पण आकडे येतात. रोज संध्याकाळी दिनदर्शिकेसमोर उभ्या राहून विचारायच्या, "आज किती?" साडेबेचाळीस. मग पंचेचाळीस. एकदा आकडा खाली आला तर म्हणाल्या, "जेवली न्हाईस काय नीट?" माझ्या तळहाताला बारच्या खरखरीत नक्षीनं घट्टे पडले होते. ते त्यांनी अंगठ्यानं चाचपून बघितले आणि आपला तळहात शेजारी धरला. खुरपं सोडून वीस वर्षं झाली, तरी त्यांचे घट्टे माझ्यापेक्षा पक्के.

परवा मी बारसकट पन्नास किलो उचलले आणि आकडा लिहीत होते, तेव्हा त्या माळ्याकडं बघत म्हणाल्या, "माझी घागर किती भरत असंल?"

"कुणास ठाऊक. तेव्हा मोजली नव्हती?"

"तवा कोण मोजतंय? डोईवर दोन, काखंत एक. रोज सात-आठ खेपा."

घागर माळ्यावरून काढली. तांब्याची, एका बाजूला चेपलेली. काठोकाठ पाणी भरलं. घरातला वजनकाटा उभं राहायचा, त्यावर गोल बुडाची घागर टिकेना. म्हणून मी घागर पोटाशी धरून काट्यावर उभी राहिले, आकडा बघितला, आणि मग त्यातून माझं वजन वजा करायची वेळ आली. ह्यांनी कान टवकारले. पंचवीस वर्षं जपलेलं ते गुपित भर दुपारी स्वयंपाकघरात फुटलं.

"घागर सतरा किलो चारशे ग्रॅम," मी म्हणाले.

आत्ती घागरीकडं बघत राहिल्या. मग काट्याकडं.

"एवढीच?"

"हो, आत्ती. तीन मिळून बावन्नच्या वर गेल्या."

"छट. तुझा काटा बिघडलाय," त्या म्हणाल्या. "परत भर. काठोकाठ भर. आणि ह्या खेपंला माझ्याकडं दे."